मान घासू नका, साखर तपासा

भूमचं नाव निघालं की खव्याचं नाव निघतं. बालाघाटाच्या या तालुक्यात पावसाचा भरवसा कमी, म्हणून दुधाचा आधार मोठा. दूध आटवणाऱ्या भट्ट्यांवर इथली कितीतरी घरं चालतात, आणि कुंथलगिरीचा पेढा खाल्ला नाही असा माणूस जिल्ह्यात सापडणं अवघड. त्यामुळे कुणाचं वजन वाढलं की दोष खव्याला देणं इथे सोपं जातं. वजनाबरोबर मान काळी पडली तर दोष आंघोळीला. शरीर एकच, पण घरात त्याच्यावर दोन खटले चालतात, एक खादाडपणाचा आणि दुसरा अस्वच्छतेचा. दोन्ही खटल्यांत आरोपी चुकीचा उभा केलेला असतो. त्वचेचा रंग आणि पोटाची भूक या दोन्हींची सूत्रं पेप्टाइड नावाच्या छोट्या रासायनिक निरोप्यांच्या हातात असतात, आणि पुष्कळदा हे निरोपे एकाच घराण्यातले असतात. हे कळलं की बरेच गैरसमज आपोआप सैल होतात.

गैरसमज : मान काळी म्हणजे मळ साचलाय

शाळकरी मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागतो. आजी म्हणते, "अगं, मान नीट घास की जरा." मग लिंबाची फोड येते, डाळीचं पीठ येतं, शेवटी टाचा घासायची वजरीसुद्धा येते. पंधरा दिवसांत मान लाल होते, आग होते आणि नंतर पहिल्यापेक्षा जास्त काळी दिसते.

तो मळ नसतोच. वैद्यकात या काळेपणाला ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. मानेच्या मागे, काखेत, जांघेत, कधी बोटांच्या पेरांवर आणि कोपरावर कातडी जाडसर, मखमलीसारखी आणि काळपट होते. बहुतेकांना खाज नसते, दुखत नाही. जवळच बारीक लोंबत्या चामखिळीही आलेल्या दिसतात. यामागचा निरोप्या म्हणजे इन्सुलिन. इन्सुलिन हेही एक पेप्टाइडच, ५१ अमिनो आम्लांचं, दोन साखळ्यांत गुंफलेलं. रक्तातली साखर पेशींमध्ये घालणं हे त्याचं मुख्य काम. पोटाभोवती आणि यकृतात चरबी वाढली की स्नायू आणि यकृत त्याचं ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि साखर वर्षानुवर्षं आवाक्यात राहते ती या जादा इन्सुलिनच्या जोरावर. कातडीच्या पेशींना मात्र एवढ्या इन्सुलिनची सवय नसते. त्यांच्यावर वाढीचा निरोप घेणारे दुसरेच रिसेप्टर असतात. जादा झालेलं इन्सुलिन त्यांनाही चिकटतं, पेशी भराभर वाढतात, आणि कातडीच्या बारीक वळ्या पडून थर जाड होतो. काळेपणा दिसतो तो मुख्यतः या जाडीमुळे. रंगद्रव्य त्यात फारसं वाढलेलं नसतं. म्हणून रंग उजळवणारं मलम इथे फार काही करू शकत नाही आणि वजरी तर उलटा घाव घालते. सततच्या घासण्याने कातडी अजून राठ होते.

खराच मळ असला तर डॉक्टर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून दाखवतात. ॲकॅन्थोसिस पुसला जात नाही.

मान काळी आहे म्हणजे मधुमेह झालाच, असंही नाही. मधुमेहाच्या आधी कित्येक वर्षं हा पट्टा दिसू शकतो, आणि तेच त्याचं महत्त्व आहे. साखरेचा अहवाल अजून बरा असताना इन्सुलिन मात्र दुप्पट राबत असतं. पाळी अनियमित असलेल्या, चेहऱ्यावर केस वाढलेल्या मुलींमध्ये हा पट्टा असेल तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करायला हवी, कारण तिथेही जादा इन्सुलिनचा मोठा हात असतो. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. वयस्कर, बारीक होत चाललेल्या माणसाला असा काळेपणा अचानक आणि झपाट्याने आला, तळहात किंवा तोंडातही पसरला, तर थांबू नये. असं क्वचित होतं, पण पोटातल्या कर्करोगाची ती खूण असू शकते.

गैरसमज : रंगाचा आणि चरबीचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो पहिल्यांदा दिसला एका उंदरात. युरोपातल्या हौशी लोकांकडे पिवळ्या केसांचे उंदीर असत. १९०५ साली ल्युसियाँ क्युएनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांची पैदास करून पाहिली, तेव्हा पिवळ्यांचं शुद्ध वाणच मिळेना. पिवळ्या आईबापांची पिल्लं नेहमी दोन पिवळी, एक साधं या प्रमाणात यायची, कारण दोन्ही बाजूंनी पिवळेपणा आलेलं पिल्लू गर्भातच मरत होतं. आणि जगलेले पिवळे उंदीर मोठेपणी गोल गरगरीत होत. रंग पिवळा आणि अंग जाड, हे कोडं पुढे जवळजवळ ९० वर्षं सुटलं नाही.

उत्तर मिळालं ते पीओएमसी नावाच्या प्रथिनाच्या घराण्यात. हे प्रथिन अख्खं असताना फारसं कामाचं नसतं. ऊस जसा पेरापेरावर तोडून कांड्या करतात, तसं शरीरातली विकरं त्याला ठरावीक जागी तोडतात. एका तुकड्याचं नाव एसीटीएच. तो मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करायला सांगतो. दुसरा बीटा-एंडॉर्फिन, वेदना शमवणारा. आणि तिसरा, आपल्या कामाचा, अल्फा-एमएसएच, फक्त १३ अमिनो आम्लांचा. हा तुकडा कातडीतल्या रंगपेशीवरच्या एमसी१ रिसेप्टरवर बसला की काळं-तपकिरी मेलॅनिन तयार होतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये एमसी४ रिसेप्टरवर बसला की "पोट भरलं, आता थांब" असा निरोप जातो. पेप्टाइड तेच, काम मात्र ते कुठे पोहोचलं यावर ठरतं.

पिवळ्या उंदराचं जनुक १९९२ मध्ये सापडलं. अगूटी नावाचं दुसरं एक पेप्टाइड त्यातून तयार होतं, आणि १९९४ मध्ये दिसलं की ते अल्फा-एमएसएचची जागा अडवून बसतं. साध्या उंदरात ते फक्त कातडीत, केसाच्या वाढीच्या ठरावीक काळात तयार होतं, म्हणून केसावर पिवळा पट्टा उमटतो. पिवळ्या उंदरात जनुकाच्या रचनेत बिघाड होऊन ते सगळीकडे तयार होत होतं, मेंदूतही. कातडीत त्याने काळा रंग अडवला, मेंदूत तृप्तीचा निरोप अडवला. एकाच अडथळ्याने उंदीर पिवळाही झाला आणि खातच राहिला.

आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीभोर असते. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, शेळीचं मात्र जुनंच चालतं. तिच्या काळेपणामागेही सस्तन प्राण्यांतला हाच नियम आहे. रंगपेशीला अल्फा-एमएसएचचा निरोप मोकळेपणाने मिळाला की केस काळा, अगूटी आडवं आलं की फिका. पण काळी शेळी तपकिरीपेक्षा जाड किंवा बारीक असते असं काही नाही. निरोगी प्राण्यात कातडीतलं अगूटी कातडीतच राहतं, मेंदूकडे फिरकत नाही. रंग आणि चरबी एकत्र बिघडतात ते निरोप मुळातूनच तुटतो किंवा भलतीकडे जातो तेव्हा.

माणसातही तसं झालेलं दिसलं आहे. १९९८ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. पीओएमसी जनुक निकामी, म्हणून लहानपणापासून न शमणारी भूक आणि प्रचंड वजन, केस लाल, आणि एसीटीएच नसल्यामुळे कॉर्टिसॉलची कमतरता. २०२२ मध्ये जर्मनीतल्याच लाइपझिगमधून एका मुलीची हकिगत प्रसिद्ध झाली. तिच्यात अगूटीचं मानवी भावंड नको तिथे तयार होत होतं, अगदी क्युएनोच्या उंदरासारखं, आणि तिचेही केस लालसर होते. असे आजार अतिशय दुर्मिळ आहेत. काळ्या केसांच्या वंशातल्या अशा मुलाचे केस लाल होतीलच असंही नाही, त्यामुळे आपल्याकडे ते ओळखणं आणखी अवघड. उलट, गावात एखाद्या मुलाचे केस भुरे दिसले तर आधी कुपोषणाचा विचार करावा, जनुकांचा नंतर.

गैरसमज : सावळी माणसं जाड होतात, गोरी निरोगी असतात

असं उघड कुणी म्हणत नाही, पण मुलगी पाहायला गेलेल्या घरात दोन्ही गोष्टी एकाच दमात मोजल्या जातात. भारतीयांच्या गोऱ्या-सावळ्या रंगातल्या फरकाचा मोठा वाटा एसएलसी२४ए५ या जनुकाचा आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ते दाखवलं. त्या जनुकाचा भुकेशी संबंध नाही. जन्मजात सावळेपणा हा कशाचाच आजार नाही. लक्ष द्यायचं ते बदललेल्या रंगाकडे, आणि तेही घडीच्या जागी बदललेल्या.

गैरसमज : उन्हात राबतो, म्हणून काळवंडतो

हे अर्धं खरं आहे. ऊन लागलं की कातडीच्या पेशी स्वतःच पीओएमसी तयार करतात, त्यातून अल्फा-एमएसएच सुटतं आणि रंगपेशी कामाला लागते. म्हणजे शेतात काळवंडण्याचा मार्गही तोच. पण ऊन हिरड्यांवर पडत नाही. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण आणि कपड्याखालची कातडी गडद होत असेल, सोबत वजन उतरत असेल, थकवा असेल, खारट खावंसं वाटत असेल, तर मामला वेगळा आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला हा आजार. अधिवृक्क ग्रंथी नष्ट होतात, कॉर्टिसॉल मिळत नाही, म्हणून मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी पीओएमसीचा पाऊस पाडते, आणि त्यातल्या एसीटीएचने रंगपेशीही चेतवल्या जातात. माणूस काळा होत जातो आणि खंगत जातो. ॲडिसन यांच्या काळात याचं मोठं कारण क्षयरोग होतं. आपल्या देशात त्या कारणाचा विचार आजही करावा लागतो.

याच्या उलट टोकाची गोष्ट आपल्या बाजारगावांत जास्त दिसते. गुडघेदुखीवर, दम्यावर, "अंग भरण्यासाठी" म्हणून बिनलेबलच्या पुड्या मिळतात. त्यांपैकी काहींत कॉर्टिसॉलसारखं काम करणारं स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवसांत दुखणं पळतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोट सुटतं. शेजारीपाजारी म्हणतात, तब्येत सुधारली! आत मात्र बाहेरच्या स्टिरॉइडमुळे शरीराचा स्वतःचा एसीटीएच झोपी जातो, साखर चढते, इन्सुलिन वाढतं आणि मानही काळी पडू शकते. अशी पुडी बरेच महिने घेऊन एका दिवसात बंद केली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांना पुडी दाखवूनच हळूहळू सोडवावी. गोरं करणाऱ्या मलमांतल्या स्टिरॉइडबद्दलही तेच. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मानेवर, जांघेत सर्रास चोळली जातात. कातडी पातळ होते, फाटल्यासारखे पट्टे उठतात.

गैरसमज : जिभेवर ताबा नाही, म्हणून वजन

हा गैरसमज सगळ्यांत चिवट, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि पुष्कळ अन्याय. खव्याचंच घ्या. १०० ग्रॅम खव्यात ४०० च्या वर किलोकॅलरी असतात, आणि पेढ्यात वर साखर. रोज चार पेढे खाणाऱ्याचं वजन वाढलं तर त्यात नवल नाही. पण शेजारच्या दोन माणसांसमोर तेच ताट ठेवलं, तर एकाला अर्ध्यात पुरे होतं आणि दुसऱ्याला होत नाही. हा फरक संस्काराचा नसून बराचसा निरोपांचा असतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं पेप्टाइड सोडतात. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते १९९४ मध्ये शोधलं. लेप्टिन मेंदूत जाऊन पीओएमसीच्या पेशींना जागं करतं आणि अगूटीचा मेंदूतला भाऊ, एजीआरपी, याला गप्प बसवतं. उपास घडला की लेप्टिन एका दिवसात खाली येतं, एजीआरपी उसळतो, आणि भूक आधीपेक्षा जास्त लागते. एकादशी दुप्पट खाशी म्हणून आपण हसतो, पण त्यात मेंदूचा वाटा मोठा आहे. कडक डाएट करून उतरलेलं वजन परत चढतं त्यामागेही हेच.

एमसी४ रिसेप्टरच्या जनुकातला दोष हे एकाच जनुकामुळे येणाऱ्या लठ्ठपणाचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे, तरीही लठ्ठ माणसांत ते थोड्यांनाच लागू पडतं. "आमच्या रक्तातच आहे" म्हणून हात झटकायला त्याचा उपयोग नाही. २००८ मध्ये लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासात या जनुकाच्या शेजारचा एक सर्वसामान्य बदल कमरेच्या घेराशी आणि इन्सुलिनला दाद न देण्याशी जोडलेला आढळला. पण असा एकेक बदल कल थोडासाच झुकवतो. बाकीचं ताट, बैठक, झोप आणि खिसा ठरवतात. थायरॉइडलाही उगाच बदनाम करू नये. त्याच्या कमतरतेने वजन वाढतं ते थोडंच.

गैरसमज : बारीक आहे, म्हणजे साखरेची काळजी नाही

याला उत्तर पुण्याने दिलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखून ठेवलेली. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा आणि टेप एकच आकडा सांगत होते, शरीरं वेगळी होती. म्हणून भारतीयांसाठी मापं कडक आहेत. बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. हात-पाय काडीसारखे, पोट पुढे आणि मान काळी, अशा माणसाला "तू तर बारीक आहेस" म्हणून सोडून देऊ नका.

गैरसमज : पेप्टाइडचं इंजेक्शन घेतलं की झालं

सेटमेलॅनोटाइड नावाचं औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं. ते मेंदूतल्या एमसी४ रिसेप्टरवर बसतं आणि पीओएमसीचा निरोप तुटलेल्या रुग्णांची भूक शमवतं. त्याचा एक नेहमीचा परिणाम म्हणजे कातडी आणि केस गडद होणं, कारण ते एमसी१ वरही थोडं बसतं. उंदराने शिकवलेला धडा माणसात असा सिद्ध झाला. पण हे औषध त्या दुर्मिळ आजारांपुरतं आहे, सर्वसाधारण लठ्ठपणासाठी नाही. भारतात २०२५ मध्ये आलेली माउंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं वेगळ्या घराण्यातली, आतड्यातून निघणाऱ्या पेप्टाइडची नक्कल करणारी. योग्य रुग्णात ती खरंच काम करतात. जिममधल्या मित्राकडून किंवा ऑनलाइन कुपीतून मात्र कोणतंही पेप्टाइड घेऊ नये, आणि कातडी काळी-तांबूस करणारं मेलॅनोटॅन तर मुळीच नको.

साध्या उपायांना आपण कमी लेखतो. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना चालायला आणि आहार आवरायला लावलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. त्यामुळे काटा हलत नाही म्हणून चालणं सोडू नये. इन्सुलिन उतरलं की मानही काही महिन्यांत हळूहळू निवळते.

तर वजरी टाचांपुरतीच ठेवा. वय तिशीच्या वर असेल तर गावातल्या आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारा. मान काळी असेल तर तेही सांगा. मुलाच्या मानेवर पट्टा असेल तर अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला तो मुद्दाम दाखवा, आणि त्याबद्दल मुलाला चारचौघांत बोलू नका. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ आणि वर आलं तर तपासणी पुन्हा करून डॉक्टरांना भेटा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या मध्ये आलं तर अजून वेळ हातात आहे. उद्यापासून चालायला लागा.